दुसरं क्रेडिट कार्ड मिळेल का? अर्ज करण्याआधी स्वतःच अंदाज कसा घ्यायचा

पहिलं कार्ड मिळालं, वर्षभर वापरलं, बिलं भरली. मग एक दिवस मोबाईलवर मेसेज येतो, 'तुमच्यासाठी खास कार्ड, फक्त दोन मिनिटांत'. आपण फॉर्म भरतो, ओटीपी टाकतो आणि तिसऱ्या मिनिटाला उत्तर येतं: 'सध्या तुमचा अर्ज मंजूर करता येत नाही.' कारण काय? 'इंटर्नल पॉलिसी'. म्हणजे काहीच कळत नाही.

माझ्यासोबत हे घडलेलं आहे. मी गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याचा. इंजिनीअरिंग झाल्यावर नागपूरला नोकरी लागली, पहिलं कार्ड मिळालं. दुसऱ्यासाठी एका आठवड्यात चार ठिकाणी अर्ज केले आणि चारही नाकारले गेले. चौथ्या नकारानंतर पहिल्यांदा स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघितला. कॉलेजात असताना हप्त्यावर मोबाईल घेतला होता, त्याचं कर्ज अजून 'चालू' दिसत होतं. थकीत रक्कम होती ५९० रुपये. हप्ते सगळे भरले होते, पण एकदा खात्यात पैसे नव्हते म्हणून हप्ता बाउन्स झाला, त्याचा दंड राहून गेला. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर ठीक होतं. काही महिन्यांनी गावातल्या घरावर स्लॅब टाकायचा होता. बाबांसोबत मी सहकर्जदार म्हणून बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीनकडे बघत पहिला प्रश्न विचारला, "एका आठवड्यात चार कार्डांसाठी अर्ज? पैशाची अडचण होती का?" बाबा शेजारीच बसले होते. ५९० रुपये आणि चार क्लिक, एवढ्यामुळे घराचं कर्ज लांबलं.

म्हणून हा लेख. दुसऱ्या कार्डाचा अर्ज पास होण्याची शक्यता किती, हे अर्ज करण्याआधी बऱ्यापैकी ओळखता येतं. कसं, ते बघू.

थोडक्यात उत्तर

घाई असेल तर एवढं वाचा:

- मागच्या १२ महिन्यांत एकही हप्ता किंवा बिल उशिरा भरलेलं नाही,
- पहिल्या कार्डाच्या लिमिटपैकी ३० टक्क्यांपेक्षा कमी वापर दिसतो,
- पहिलं कार्ड किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर जुनं आहे,
- मागच्या सहा महिन्यांत कर्जासाठी एकापेक्षा जास्त अर्ज केलेले नाहीत,
- उत्पन्नाचा कागद आहे आणि नाव-पत्ता सगळीकडे सारखा आहे.

पाचही गोष्टी बरोबर असतील तर शक्यता चांगली. दोन-तीन चुकत असतील तर आधी दुरुस्ती करा, मग अर्ज. चार-पाच चुकत असतील तर अर्ज करूच नका, एफडीवर मिळणाऱ्या कार्डाकडे वळा. आता प्रत्येक गोष्ट नीट समजून घेऊ.

अर्ज पाठवल्यावर बँकेच्या सिस्टिममध्ये काय होतं?

आपल्याला वाटतं, कुणीतरी माणूस बसून अर्ज वाचतो. ऑनलाईन अर्जाचा पहिला निकाल बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच देतं. मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सोप्या भाषेत सांगतो. एकामागे एक चार चाळण्या लावलेल्या असतात. पहिल्या चाळणीत अडकलात तर दुसरीपर्यंत अर्ज जातच नाही.

पहिली चाळणी बँकेच्या ठरलेल्या अटींची. वय, पिनकोड, नोकरीचा प्रकार, किमान उत्पन्न. इथे तुमचा स्कोअर कितीही चांगला असला तरी पिनकोड यादीत नसेल तर विषय संपला.

दुसरी चाळणी क्रेडिट ब्युरोची. भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, पण बँक या चौघांपैकी कुणाचाही रिपोर्ट बघू शकते.

तिसरी चाळणी पैशाच्या हिशोबाची. उत्पन्न किती, हप्ते किती जातात, आधीच्या कार्डांचं लिमिट किती.

चौथी चाळणी पडताळणीची. पॅन, आधार, पत्ता, व्हिडिओ केवायसी.

पहिल्या आणि दुसऱ्या कार्डात मोठा फरक तिसऱ्या चाळणीत आहे. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार, कार्डाचं लिमिट ठरवताना ग्राहकाला इतर ठिकाणी मिळालेली लिमिटंही विचारात घ्यावी लागतात. म्हणजे दुसऱ्या कार्डाच्या वेळी पहिलं कार्ड मोजलं जाणारच. ते तुमच्या बाजूने बोलतं की विरोधात, हे तुम्ही ते कसं वापरलं यावर ठरतं.

अजून एक लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्ड थकबाकीवरचं जोखीम-वजन १२५ वरून १५० टक्के केलं. सोपा अर्थ असा की कार्डावर पैसे देताना बँकेला आधीपेक्षा जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. म्हणून 'मित्राला २०२२ मध्ये याच पगारावर तीन कार्डं मिळाली' हा हिशोब आज लागू होईलच असं नाही.

पायरी १: स्वतःचा रिपोर्ट काढा आणि स्कोअरच्या खाली वाचा

चारही ब्युरोंनी प्रत्येकाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा, असा नियम आहे. चार ब्युरो, चार रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एका ब्युरोचा काढला तर वर्षभर फुकटात नजर राहते. ब्युरोच्या स्वतःच्या वेबसाईटवरून काढा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती काढून टाका.

स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. रिझर्व्ह बँकेने कोणताही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, प्रत्येक बँक स्वतःची रेषा आखते. साधारण अंदाज असा: ७५० च्या वर असेल तर स्कोअरमुळे अडायची शक्यता कमी. ७०० ते ७५० मध्ये बाकीच्या गोष्टी बघून ठरतं. ७०० च्या खाली दुसरं कार्ड अवघड होत जातं.

पण फक्त आकडा बघून रिपोर्ट बंद करू नका. माझा आकडा फार वाईट नव्हता, अडचण आतल्या पानावर होती. आत या गोष्टी शोधा:

१. प्रत्येक खात्याची महिनावार परतफेड. तिथे प्रत्येक महिन्यासमोर किती दिवस उशीर झाला तो आकडा असतो. शून्य असेल तर उत्तम.

२. 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' हे शब्द. सेटलमेंट म्हणजे 'थोडे पैसे भरून मिटवलं'. आपल्याला वाटतं हिशोब संपला, पण बँक वाचते 'पूर्ण पैसे दिले नाहीत'. हा शब्द असेल तर साध्या कार्डाचा अर्ज जवळपास वाया जातो.

३. बंद झालेलं पण 'चालू' दिसणारं कर्ज. मोबाईल, टीव्ही, फ्रिज हप्त्यावर घेतला असेल तर हे नक्की बघा. 'पे लेटर' ॲप वापरलं असेल तर त्यातली बरीच खातीही इथे छोट्या कर्जासारखी दिसतात.

४. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असलेली कर्जं. मित्राच्या गाडीसाठी सही केली होती आणि विसरून गेलात? रिपोर्ट विसरत नाही.

५. तुमचं नसलेलं खातं. आपल्याकडे सारख्या नाव-आडनावाचे लोक खूप, त्यामुळे दुसऱ्याचं कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये येऊ शकतं.

चूक सापडली तर त्याच ब्युरोच्या वेबसाईटवर ऑनलाईन तक्रार नोंदवा. ३० दिवसांत ती निकाली निघाली पाहिजे. त्यापेक्षा उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. कर्ज बंद झालं असेल तर कंपनीचं 'ना हरकत प्रमाणपत्र' जोडा. मी ५९० रुपये भरले, प्रमाणपत्र घेतलं, आणि खातं 'बंद' दिसल्यावरच पुढचा विचार केला.

गावात एक समज पक्का आहे: 'घरात एकाचं पीककर्ज थकलं की सगळ्यांचं सिबिल खराब.' हे खरं नाही. किसान क्रेडिट कार्ड वडिलांच्या नावावर असेल तर ते वडिलांच्या पॅनवर दिसतं, तुमच्या नाही. पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ते तुमच्याही रिपोर्टमध्ये येतं. 'कर्जमाफी होईल' म्हणून हप्ता थांबवला असेल तर माफी येईपर्यंतचा उशीर नोंदवला जातोच, हेही घरच्यांना सांगून ठेवा.

पायरी २: लिमिटचा वापर तपासा

समजा तुमच्या कार्डाचं लिमिट ४०,००० आहे आणि महिन्याचं बिल ३२,००० येतं. तुम्ही ते दर महिन्याला पूर्ण भरता, एक रुपया व्याज देत नाही. तरीही रिपोर्टमध्ये ८० टक्के वापर दिसू शकतो, कारण बँक ब्युरोला बाकी रक्कम कळवते त्या दिवशी तुमचं बिल भरलेलं नसतं. सॉफ्टवेअरला तुमची शिस्त दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. 'याचं कार्ड काठोकाठ भरलंय, म्हणून दुसरं मागतोय', असा अर्थ निघतो.

उपाय सोपा आहे. बिल तयार होण्याच्या दोन-तीन दिवस आधीच काही रक्कम भरून टाका. वरच्या उदाहरणात आधी २२,००० भरले तर बिल फक्त १०,००० चं बनेल, म्हणजे २५ टक्के. खर्च तेवढाच, पैसे तेवढेच, फक्त भरायची तारीख बदलली.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोकडे दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवणं बंधनकारक झालं. आधी हे महिन्यातून एकदा व्हायचं. त्यामुळे वापर कमी केल्यावर तीनेक आठवडे थांबून रिपोर्ट बघा. आकडा बदललेला दिसला की मग अर्ज करा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून वापरणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. किराणा, रिचार्ज, चहा, सगळं स्कॅन करून जातं आणि महिन्याअखेर लिमिट कधी संपलं ते कळत नाही. मित्रासाठी कार्ड स्वाईप करून त्याच्याकडून रोख घेत असाल तरी रिपोर्टमध्ये तो वापर तुमचाच.

पायरी ३: पगारातून किती हप्ते जातात?

महिन्याचे सगळे हप्ते एका कागदावर लिहा: गाडी, मोबाईल, शैक्षणिक कर्ज. त्यात कार्डाच्या बाकी रकमेचा साधारण ५ टक्के भाग मिळवा. या बेरजेला हातात येणाऱ्या उत्पन्नाने भागा आणि १०० ने गुणा.

पगार २८,०००, गाडीचा हप्ता ३,२००, मोबाईलचा १,८००, कार्डावर बाकी १०,००० म्हणजे त्याचे ५०० धरू. बेरीज ५,५००. म्हणजे पगाराच्या साधारण २० टक्के. हे चांगलं आहे. ३० टक्क्यांपर्यंत फारसा प्रश्न येत नाही, ५० च्या पुढे गेलं की बहुतेक ठिकाणी अर्ज अडतो.

नोकरी नसून धंदा किंवा शेती असेल तर? इथे आपल्या भागातली खरी अडचण आहे. धानाचे चुकारे वर्षातून एक-दोनदाच येतात. बँकेच्या सॉफ्टवेअरला दर महिन्याला जमा होणारी रक्कम बघायची सवय. खात्यात दोन मोठ्या रकमा आणि बाकी दहा महिने शांतता असेल तर उत्पन्न दिसूनही समजत नाही. अशा वेळी आयकर रिटर्न उपयोगी पडतं. उत्पन्न कर लागण्याइतकं नसलं तरी रिटर्न भरता येतं, आणि शेतीचं उत्पन्न त्यात दाखवता येतं. दुकान असेल तर गल्ल्यातली रोकड घरी न ठेवता खात्यात नियमित भरा. यूपीआयने येणारे पैसे एकाच खात्यात येऊ द्या. वर्षभराचं असं स्टेटमेंट म्हणजे तुमची सॅलरी स्लिपच.

पायरी ४: नाव, पत्ता आणि पिनकोड

हा मुद्दा शहरातले लेख एका ओळीत संपवतात. आपल्यासाठी तो मोठा आहे.

आधी पत्ता. दवनीवाडा हे नाव इंग्रजीत कुणी 'डब्ल्यू' ने लिहितं, कुणी 'व्ही' ने. आधारवर एक, बँक पासबुकवर दुसरं, पॅनच्या फॉर्मवर तिसरं. माणसाला कळतं की गाव एकच आहे. सॉफ्टवेअरला तीन वेगळे पत्ते दिसू शकतात. नावाचंही तसंच. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे फक्त एक अक्षर. अर्ज भरताना पॅनवर जसं आहे तसंच लिहा आणि बाकी कागद हळूहळू त्याच्याशी जुळवून घ्या.

मग पिनकोड. काही बँका ठराविक पिनकोडवरच कार्ड देतात. बऱ्याच ठिकाणी फॉर्मच्या सुरुवातीलाच पिनकोड विचारतात. तिथे 'सेवा उपलब्ध नाही' आलं तर पुढे जाऊ नका. गावाचा नाही चालला म्हणून ओळखीच्या माणसाचा नागपूरचा पत्ता टाकायचा, हा जुगाड करू नका. पडताळणीत पकडला गेला तर अर्ज 'चुकीची माहिती' म्हणून नाकारला जातो, आणि कार्ड निघालंच तर ते तिसऱ्याच्या दारात जाईल. तुम्ही खरंच शहरात राहून नोकरी करत असाल तर भाडेकरार किंवा कंपनीचं पत्र देऊन तो चालू पत्ता म्हणून द्या.

व्हिडिओ केवायसीला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्येच परवानगी दिली, त्यामुळे शाखेत जायची गरज बऱ्याचदा पडत नाही. फक्त मूळ पॅन हातात ठेवा, मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि जिथे नेटवर्क टिकतं तिथे बसा. मधेच कॉल तुटल्याने अर्ज लटकण्यात काही मजा नाही.

पायरी ५: अर्जांमध्ये अंतर ठेवा

तुम्ही अर्ज केला की बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि रिपोर्टमध्ये 'चौकशी' म्हणून नोंद होते. नाकारलं की मंजूर केलं, हे तिथे लिहिलेलं नसतं. पण आठवड्यात चार चौकशा आणि नवीन खातं एकही नाही, याचा अर्थ कुणालाही लावता येतो. माझ्या बाबतीत बँकेतल्या साहेबांनी तोच लावला.

म्हणून दोन अर्जांमध्ये किमान तीन महिने, शक्यतो सहा महिने जाऊ द्या. आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत घराचं, गाडीचं किंवा शिक्षणाचं कर्ज काढायचं असेल तर दुसऱ्या कार्डाचा विषय त्यानंतरच काढा. तो क्रम चुकवू नका.

ऑफर तुलना करणाऱ्या ॲपवर 'पात्रता तपासा' असं बटण असतं. ते दाबण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचा. फक्त तपासणी आहे की थेट अर्ज, हे तिथे लिहिलेलं असतं. रिपोर्ट कुणी मागवला की ब्युरोकडून एसएमएस किंवा ईमेल येतो, त्यामुळे नंतर तरी कळतंच.

आता गुण द्या

खालचा तक्ता कोणत्याही बँकेचा नाही. वरच्या सगळ्या गोष्टी एका जागी मोजता याव्यात म्हणून मी तो बनवला आहे. प्रत्येक प्रश्नाला २, १ किंवा ० गुण द्या.

१. मागच्या १२ महिन्यांत उशीर: एकही नाही २, एकदा आणि ३० दिवसांच्या आत १, त्यापेक्षा जास्त ०.
२. रिपोर्टमध्ये थकीत, सेटल्ड, रिटन ऑफ: काही नाही २, काहीही असेल तर ०.
३. लिमिटचा वापर: ३० टक्क्यांच्या आत २, ३० ते ५० मध्ये १, ५० च्या वर ०.
४. पहिलं कार्ड किती जुनं: वर्षापेक्षा जास्त २, सहा महिने ते वर्ष १, कमी ०.
५. सहा महिन्यांतल्या चौकशा: शून्य किंवा एक २, दोन-तीन १, चार किंवा जास्त ०.
६. हप्त्यांचा भार: ३० टक्क्यांच्या आत २, ३० ते ५० मध्ये १, वर ०.
७. उत्पन्नाचा पुरावा: सॅलरी स्लिप किंवा रिटर्न २, फक्त खात्यातली जमा १, काहीच नाही ०.
८. नाव आणि पत्ता: सगळीकडे सारखा २, थोडा फरक १, पत्ताच वेगळा ०.

एकूण १६. तेरा किंवा जास्त असेल तर शक्यता चांगली. नऊ ते बारा असेल तर आधी दुरुस्ती. आठ किंवा कमी असेल तर एफडीचं कार्ड. आणि दुसऱ्या प्रश्नात शून्य असेल तर एकूण कितीही असो, आधी ते मिटवा.

एक उदाहरण सोडवू

समजा दवनीवाड्यातला एक २४ वर्षांचा मुलगा गोंदियातल्या राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे. पगार २२,००० थेट खात्यात. पहिलं कार्ड १४ महिने जुनं, लिमिट २५,०००. घरचा किराणा आणि पेट्रोल धरून महिन्याचं बिल १६,०००, म्हणजे ६४ टक्के वापर. गाडीचा हप्ता ३,१००. सात महिन्यांपूर्वी एक बिल १२ दिवस उशिरा भरलं. सहा महिन्यांत दोन चौकशा. पासबुक आणि आधारवर गावाचं स्पेलिंग वेगळं.

गुण लावू. उशीर १, थकीत काही नाही २, वापर ०, कार्डाचं वय २, चौकशा १, हप्त्यांचा भार २ (३,१०० अधिक कार्डाचे ८००, म्हणजे साधारण १८ टक्के), पुरावा २, पत्ता १. एकूण ११.

आज अर्ज केला तर फिफ्टी-फिफ्टी. पण त्याने बिल बनण्याआधी दर महिन्याला १०,००० भरले तर वापर २४ टक्क्यांवर येतो आणि तिथे २ गुण मिळतात. आधारवरचा पत्ता दुरुस्त केला की तिथेही २. दोन महिन्यांत ११ चे १४ झाले. पगार वाढला नाही, कुणाची ओळख लागली नाही. अजून पाच-सहा महिने थांबला तर उशिराची नोंदही १२ महिन्यांच्या मागे जाईल.

अर्ज नेमका कुठे करायचा?

जिथे पगार येतो किंवा जिथे जुनं खातं आहे, ती बँक पहिली. तिला तुमची जमा आधीच दिसते. बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये लॉगिन केल्यावर दिसणारी प्री-अप्रूव्ह्ड ऑफर ही एसएमएसमधल्या ऑफरपेक्षा जास्त भरवशाची. तरी 'प्री-अप्रूव्ह्ड' म्हणजे शंभर टक्के मंजूर नाही, शेवटची तपासणी बाकी असते.

पहिल्या कार्डाच्याच बँकेकडून दुसरं घेतलं तर मंजुरी सोपी जाते, पण बऱ्याचदा दोन्ही कार्डांत मिळून लिमिट एकच राहतं. वापराची टक्केवारी कमी करायची असेल तर त्याचा फायदा नाही. अशा वेळी आहे त्याच कार्डाचं लिमिट वाढवून मागणं जास्त सोपं पडतं.

काही बँका दुसऱ्या बँकेच्या कार्डाचं स्टेटमेंट बघून कार्ड देतात. सॅलरी स्लिप नसलेल्यांना हा रस्ता चांगला, फक्त पहिल्या कार्डाचा रेकॉर्ड स्वच्छ हवा.

आणि एफडीवरचं कार्ड. बँकेत एफडी ठेवायची, तिच्या काही टक्के लिमिट मिळतं, एफडीवर व्याज चालू राहतं. उत्पन्नाचा कागद सहसा लागत नाही, कमी स्कोअरलाही मिळतं. शेतकरी घरातल्या किंवा शिकत असलेल्या मुला-मुलींसाठी मला हाच पर्याय सगळ्यात प्रामाणिक वाटतो. वर्षभर नीट वापरलं की साध्या कार्डासाठी रेकॉर्ड तयार होतो.

नाकारलं तर?

लगेच दुसरीकडे अर्ज करू नका. मी हीच चूक केली होती. आधी कारण मागा. अर्ज नाकारताना नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत हे स्पष्ट आहे. 'इंटर्नल पॉलिसी' एवढंच उत्तर आलं तर ईमेल करून नेमकं कारण विचारा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर आहे १४४४८. लोकपाल तुम्हाला कार्ड मिळवून देणार नाही, पण कारण कळलं की पुढचा अर्ज डोळे उघडे ठेवून करता येतो.

'गॅरंटीड अप्रूव्हल' वाल्यांपासून सावध

नकार आला की हमखास एक फोन येतो. 'सिबिल वाढवून देतो', 'आमची आतून सेटिंग आहे', 'दोन हजार भरा, कार्ड पक्कं'. पक्कं काहीच नसतं. खरी बँक मंजुरीसाठी आधी पैसे मागत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल इन्स्टॉल करू नका, ओटीपी सांगू नका, स्क्रीन शेअर करू नका. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी परत मिळण्याची आशा कमी.

शेवटी एक प्रश्न स्वतःला

दुसरं कार्ड कशासाठी हवंय? वेगळ्या ऑफरसाठी, इमर्जन्सीसाठी, वापराची टक्केवारी कमी ठेवण्यासाठी, ही सगळी ठीक कारणं. पण पहिल्या कार्डाचं बिल दुसऱ्यातून भरायचं असेल तर थांबा. कार्डावर २०,००० बाकी ठेवले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल तर ७०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, म्हणजे ८२६ रुपये दर महिन्याला जातात, आणि मूळ रक्कम तिथेच. दुसरं कार्ड आलं की तोच खड्डा दोन ठिकाणी. अशा वेळी बँकेला फोन करून बाकी रक्कम हप्त्यांत बदलून घ्या किंवा कमी व्याजाच्या कर्जाने ती फेडा, आणि कार्ड काही महिने कपाटात ठेवा.

नेहमीचे प्रश्न

खात्यात खूप पैसे असले की स्कोअर वाढतो का?
नाही. रिपोर्टमध्ये बचत खात्याची शिल्लक किंवा पगार मोजला जात नाही. बँक ते वेगळं बघते.

एक दिवस उशीर झाला तर रेकॉर्ड खराब होतो का?
शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच कार्ड कंपनी ते खातं 'थकीत' म्हणून कळवू शकते. पण ही सवय लावून घेऊ नका. चौथ्या दिवशी उशीर मूळ तारखेपासून मोजला जातो.

दुसरं मिळालं की पहिलं बंद करू का?
घाई नको. जुनं कार्ड म्हणजे जुना चांगला रेकॉर्ड आणि जास्त एकूण लिमिट. वार्षिक फी नसेल तर छोट्या रिचार्जसाठी चालू ठेवा.

न मागता कार्ड आलं तर?
न मागता कार्ड पाठवायला परवानगी नाही. ते चालू करू नका, बँकेला लेखी कळवा.

माझ्या घरावर स्लॅब पडला, सात महिने उशिराने. त्यानंतरच मी दुसऱ्या कार्डासाठी अर्ज केला, एकाच ठिकाणी, आणि मिळालं. आज संध्याकाळी दहा मिनिटं काढून रिपोर्ट डाउनलोड करा. त्यात एखादे ५९० रुपये लपलेले असतील तर ते आत्ताच सापडलेले बरे.